विद्येचे ऋण आणि हप्त्याचे कर्ज
(सुवर्णमहोत्सवानिमित्त अकोटा येथे भरलेल्या सभासद-मेळाव्यात शिक्षण-साहाय्य समितीच्या वतीने झालेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी कर्जाविषयी बोलावे हे कोणाला थोडे विपरीत वाटेल. सनई वाजत असताना वहीखाते कोणी उघडत नाही. परंतु आमच्या समितीकडे या संस्थेने सोपविलेले काम म्हणजे विद्यार्थ्यांना परतफेडीच्या बोलीवर साहाय्य देण्याचे. पन्नास वर्षांच्या कार्याचा हिशेब द्यावयाचा तर आमच्या वाट्याला हाच विषय येतो. शिवाय आज या मांडवात बसलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी घरांत मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाचे बँकेचे कर्ज आहे, आणि त्यांपैकी काही घरांत त्या कर्जाविषयी रात्री हलक्या आवाजात बोलणे चालते, हे आपण सर्व जाणतो. ते बोलणे थोडे मोठ्या आवाजात व्हावे, एवढ्यासाठीच आम्ही उभे आहोत.

आपल्या परंपरेत मनुष्य जन्माला येतो तोच तीन ऋणे घेऊन, असे मानले आहे. देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. यांपैकी ऋषिऋण हे विद्येचे ऋण. ते कसे फेडावयाचे, तर स्वतः शिकून आणि दुसऱ्याला शिकवून. या ऋणाला महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता नव्हता, आणि ते आपल्यावर आहे असे सांगण्यात कोणाला कमीपणाही वाटत नसे. आज विद्येचे ऋण बँकेच्या खात्यावर येऊन बसले आहे. त्याला व्याज आहे, मुदत आहे, जामीन आहे. पण बिकट गोष्ट ही की, त्याला लाजही येऊन चिकटली आहे. आमच्या अनुभवाने आम्ही असे म्हणू की, कर्जाने जेवढी घरे अडचणीत येतात त्याहून अधिक घरे ते कर्ज लपविण्याने अडचणीत येतात.

या बाबतीत दुसऱ्या कोणाचा दोष सांगण्यापूर्वी आमचा स्वतःचा सांगणे योग्य होईल.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका होतकरू मुलास आपल्या निधीतून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी परतफेडीचे साहाय्य दिले होते. मुलगा हुशार आणि सरळ होता. नोकरी लागल्यावर दोन वर्षे त्याने हप्ते बिनचूक भरले. मग ते बंद झाले. आम्ही नियमाप्रमाणे पहिले पत्र पाठविले, दुसरे पाठविले, आणि तिसऱ्या पत्राची नक्कल जामीन राहिलेल्या त्याच्या मामांना पाठविली. वार्षिक सभेत थकबाकीदारांची यादी वाचण्याची त्या वेळी प्रथा होती. ती यादीही वाचली गेली, आणि तीत त्याचे नाव आले. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात ते कुटुंब दिसले नाही. आम्ही त्याचा वेगळाच अर्थ लावला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी त्याची आई आमच्या दारी आली. हातात एक पाकीट होते. ती म्हणाली, "भाऊ, एवढे ठेवून घ्या. उरलेले देऊ. पण यादीत नाव नको." तिच्या हातांत पाटल्या नव्हत्या, हे आमच्या घरातील मंडळींच्या लक्षात आले, आमच्या नव्हे. आम्ही पैसे मोजले, पावती फाडली आणि तिला निरोप दिला. मुलाची नोकरी आठ महिन्यांपूर्वी गेली होती, वडिलांचा कारखाना त्याआधीच बंद पडला होता, आणि मामांना पत्र गेल्यामुळे दोन घरांत बोलणे तुटले होते, हे सर्व आम्हांस नंतर कळले. त्या बाईंना बसा म्हणून एक प्रश्न विचारला असता तर ते त्याच दुपारी कळले असते. नियमाप्रमाणे आमचे काहीच चुकले नव्हते. तथापि ती पावती फाडण्यात आमची जी चूक झाली, ती आम्ही आज या सभेपुढे कबूल करतो.

मुलाचेही एक चुकले होते. नोकरी गेली त्याच आठवड्यात त्याने आम्हांस एक पोस्टकार्ड टाकले असते तर आम्ही हप्ते थांबविले असते, कारण तसा अधिकार समितीला होता. त्याने लिहिले नाही, कारण त्याला लाज वाटली. आम्ही विचारले नाही, कारण आम्हांला ते आमचे काम वाटले नाही. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये असे मौन पडले की हप्त्याचे दुखणे घराचे दुखणे होते.

मंडळी, आपण ज्या गावात राहतो त्या गावाला ही गोष्ट नवी नाही. आपल्या अकोट्यावरून विश्वामित्रीच्या काठाने थोडे वर गेले की सयाजीबाग लागते. जुनी माणसे तिला कमाटी बाग म्हणतात. त्या बागेत संकल्पभूमी म्हणून जी जागा आज ओळखली जाते, तिचा संबंध एका विद्यार्थ्याच्या शिक्षणाच्या कराराशीच आहे.

भीमराव आंबेडकर यांना मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना श्रीमंत सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांचे साहाय्य मिळत होते. पुढे १९१३ साली अमेरिकेतील शिक्षणासाठी महाराजांनी त्यांना तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिच्यासाठी करार झाला होता : शिक्षण संपवून परत आल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करावयाची. आजच्या भाषेत त्याला बाँड म्हणतात. म्हणजे ती शिष्यवृत्ती असली तरी तिच्या पाठीशी एक देणे होते, आणि ते सेवेच्या रूपाने फेडावयाचे होते.

शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धा राहिला होता. तो तसाच टाकून ते १९१७ साली परत आले. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती महायुद्धात बुडाली. त्या सामानाची जी भरपाई मिळाली तिच्यातूनच त्यांनी बडोद्याच्या प्रवासाचा खर्च केला. देणे फेडण्यासाठी मनुष्य याहून अधिक काय करणार? परंतु बडोद्यात आल्यावर जातीमुळे त्यांना राहावयास घर मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तेथून निघून जाण्यास सांगितले. शहरातील दोघा ओळखीच्या माणसांकडे ते गेले. दोघांनीही अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले. हा सर्व प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे.

दहा वर्षांची सेवा अशा रीतीने काही दिवसांत संपली, आणि पुढे संस्थानाने शिक्षणावर झालेल्या खर्चाची रक्कम त्यांच्याकडे परत मागितली. कागदावर करार मोडला होता, हे खरे. पण तो पाळण्यासाठी लागणारे साधे छप्पर या शहराने दिले नव्हते, हेही तितकेच खरे. सयाजीराव महाराजांच्या औदार्याला यामुळे उणेपणा येत नाही. त्यांची शिष्यवृत्ती नसती तर ते शिक्षणच झाले नसते. परंतु देणाऱ्याने पैसा दिला म्हणजे त्याचे काम संपले असे नाही, आणि परतफेड का झाली नाही हे विचारल्यावाचून ती मागणे न्यायाचे नाही, हा धडा आपल्या गावाने आपल्याच बागेतून घ्यावयाचा आहे.

या हकीकतीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून आंबेडकरांनी पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, आणि नवल भथेना या पारशी मित्राने त्यांना पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. त्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले व अर्धा राहिलेला अभ्यास त्यांनी पुरा केला. एका ठिकाणी दार बंद झाले तसे दुसऱ्या ठिकाणी उघडले. आणि एक देणे डोक्यावर असतानाही शिक्षणासाठी दुसरे कर्ज घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

कर्जाऊ साहाय्य आणि शिक्षण यांची सांगड आपल्याकडे जुनी आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी जो निधी काढला तो मुख्यतः कर्जाऊ शिष्यवृत्तीचाच. एकाने फेडलेल्या पैशातून दुसऱ्याने शिकावे, ही त्यातील कल्पना. आणि आपल्या बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ साली अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली, ती तर देशातील सहकारी पतसंस्थांच्या आरंभीची मानली जाते. नावातच सारे आले : अन्योन्य, म्हणजे एकमेकांसाठी. आपला शिक्षण-निधी याच कुळातला आहे.

आता व्यवहाराकडे येऊ. आज साहाय्य-निधी थोडे आणि बँकेची कर्जे पुष्कळ, अशी स्थिती आहे. कर्ज घेताना कुटुंबाने हिशेब मांडावा. एक उदाहरण घेऊ. आठ लाख रुपये शेकडा दहा दराने घेतले, शिक्षण दोन वर्षांचे, आणि त्यानंतर एक वर्ष सवलतीचे. या तीन वर्षांत सरळ व्याज धरले तरी २ लाख ४० हजार होते, आणि हप्ते सुरू होतात ते १० लाख ४० हजारांवर. दहा वर्षांच्या फेडीला महिना सुमारे १३,७४४ रुपये. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ११,१७६ वर येतो, पण एकूण भरणा साडेसोळा लाखांच्या जागी वीस लाखांवर जातो. याउलट या तीनही वर्षांत महिन्याचे ६,६६७ रुपये व्याज भरीत गेले, तर पुढचा हप्ता १०,५७२ च होतो. बँक पैसे टप्प्याटप्प्याने देते, म्हणून प्रत्यक्षात आकडे थोडे कमी येतील. पण दिशा हीच. ज्या घराला झेपेल त्याने चालू व्याज भरावे. न झेपेल त्याने निदान हा आकडा माहीत करून घ्यावा. नोकरी लागली की पाहू, असे म्हणू नये.

परंतु हिशेब नीट मांडूनही अडचण येते. नोकरी लागत नाही, लागलेली जाते, घरात आजारपण येते. अशा वेळी काय करावे, याविषयी आम्ही अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, हप्ता चुकण्यापूर्वी बँकेत जावे. चुकल्यानंतर नव्हे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँकेच्या दप्तरी ते खाते अनुत्पादक ठरते, आणि मग शाखेच्या व्यवस्थापकाच्या हातात फारसे राहत नाही. त्याआधीचे तीन महिने हेच सोन्याचे. जाताना अर्ज लेखी न्यावा, नोकरी गेल्याचे पत्र किंवा दवाखान्याचे कागद जोडावेत, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी बोलणे हवेत विरते.

दुसरी गोष्ट, काय मागावे हे ठाऊक असावे. इंडियन बँक्स असोसिएशनची जी आदर्श शिक्षणकर्ज योजना आहे, तीत शिक्षणानंतर एक वर्ष सवलत आणि पंधरा वर्षांपर्यंत फेड आहेच. शिवाय बेकारी किंवा अपुऱ्या मिळकतीच्या काळात, कर्जाच्या संपूर्ण मुदतीत दोन-तीन वेळा, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत हप्ते थांबविण्याची सोयही तीत सुचविलेली आहे. प्रारंभी लहान आणि पुढे वाढत जाणारे हप्तेही मागता येतात. प्रत्येक बँक आपल्या नियमांप्रमाणे ठरविते, पण मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही. बँकेतर वित्तसंस्थांचे कर्ज असेल तर त्यांच्या अटी निराळ्या व बहुधा कडक असतात. म्हणून करार सहीपूर्वी वाचावा. थांबलेल्या हप्त्यांवर व्याज चालूच राहते, हेही विसरू नये. सवलत म्हणजे माफी नव्हे.

तिसरी गोष्ट, जे हक्काचे आहे ते सोडू नये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश ठरलेल्या नामांकित संस्थेत मिळाला असेल, तर नोव्हेंबर १९२४ नव्हे, अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात शेकडा तीन व्याजाची सूट ठेवली आहे. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्यास शिक्षणकर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. वसुली करणाऱ्या माणसांनी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातच्या नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे. धमकी आणि शेजारीपाजारी बदनामी हे तर मुळीच चालत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. देणेकरी झाला म्हणून मनुष्य आपली अब्रू गहाण टाकीत नाही.

चौथी गोष्ट, एक कर्ज फेडण्यासाठी त्याहून महाग कर्ज काढू नये. मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणारे पैसे, कार्डावरची उचल, सावकाराची चिठ्ठी, ही आगीतून फुफाट्यात जाण्याची वाट आहे. घरातील दागिना मोडण्याआधी बँकेला अर्ज आणि आपल्या समितीला एक भेट, एवढा क्रम तरी पाळावा. त्या पाटल्या आम्हांला अजून आठवतात.

पालकांसाठी दोन शब्द. बँकेच्या कागदावर बहुधा आपणही सहकर्जदार असता. मुलाचा हप्ता थकला तर आपल्या नावावरही तो डाग येतो, धाकट्या मुलीच्या कर्जाला मग अडचण होते, आणि घर तारण असेल तर साठ दिवसांची नोटीस दारात येऊ शकते. म्हणून मुलाकडून हिशेब जरूर घ्या. पण तो अशा रीतीने घ्या की मुलगा खरे बोलेल. "तुझ्यावर एवढा खर्च केला" हे वाक्य एकदा उच्चारले की पुढच्या अडचणीची बातमी आपल्याला सर्वांच्या शेवटी कळते. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे विशेषच खरे. आठवड्यातून एकदा पडद्यावर हसरा चेहरा दिसतो, आणि त्याच्यामागे काय चालले आहे ते दिसत नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एकच. तुमच्यावर कर्ज आहे यात कोणताही अपराध नाही. सवड असताना न फेडणे हा दोष आहे. सवड नसताना ते न सांगणे ही चूक आहे. या दोहोंत अंतर आहे, आणि समितीला ते आता कळते.

त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या वागण्यात काही बदल केले. थकबाकीची यादी सभेत वाचणे बंद केले. पहिल्या पत्राच्या ऐवजी समितीतील एक सभासद घरी जाऊन चहा घेऊन येतो. जामिनास पत्र पाठविण्यापूर्वी विद्यार्थ्याशी बोलणे आवश्यक केले. त्यामुळे वसुली बुडेल अशी भीती काहींनी व्यक्त केली होती, आणि ती रास्तही होती, कारण निधी हा पुढच्या मुलाचा पैसा आहे. पण घरी जाऊन बोलल्यावर बहुतेक ठिकाणी लहानसा का होईना हप्ता पुन्हा सुरू झाला, असाच आमचा अनुभव आहे. तो मुलगाही पुढे स्थिरावला. त्याने सर्व रक्कम फेडली. पुढच्या एका वर्षी त्याच्या नावाने एक देणगी आली, तीसोबत चिठ्ठी नव्हती. गणेशोत्सवात मात्र तो अजून येत नाही. रक्कम वसूल झाली, माणूस वसूल झाला नाही.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने आमची विश्वस्त मंडळास व आपणा सर्वांस एक विनंती आहे. नव्या देणग्यांतून नवे साहाय्य देऊच. पण एक लहान भाग वेगळा काढावा, आणि ज्या विद्यार्थ्यांचे बँकेचे हप्ते नोकरी जाण्यामुळे किंवा आजारपणामुळे अडले असतील, त्यांना सहा महिन्यांपर्यंत निदान व्याजापुरता टेकू द्यावा. खाते अनुत्पादक ठरण्याआधीच्या त्या तीन महिन्यांत थोडी रक्कमही मोठे काम करते. त्याचबरोबर बँकव्यवहारातून निवृत्त झालेले जे आपले सभासद आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार सकाळ द्यावी. अर्ज कसा लिहावा, काय मागावे, हे मुलांजवळ बसून सांगावे. पैशाइतकीच या बसण्याची गरज आहे.

शतकापूर्वी याच शहरात एका विद्वान तरुणाला आपले देणे फेडण्यासाठी राहावयास जागा मिळाली नाही, आणि त्याला बागेत बसून गाडीची वाट पाहावी लागली. आज आपल्यातील कोणा मुलाला तसे एकटे बसावे लागू नये, एवढे तरी या संस्थेने पाहावे.